मिसरचा घोडा, आगीचा घोडा आणि घंटा बांधलेला घोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्याच्या सहाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावर एक स्वार येतो आणि एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा पांढऱ्याच घोड्यावर एक स्वार येतो. हे दोघे एकच का? आणि मुळात बायबलमध्ये घोडा हे चांगलं लक्षण मानायचं की वाईट?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. गेली सव्वीस वर्षं मी जुना करार शिकवतो आहे आणि माझा अनुभव असा की, प्रकटीकरणाचे घोडे समजत नाहीत ते प्रकटीकरण अवघड आहे म्हणून नाही. त्यामागचे घोडे आपण वाचलेलेच नसतात, म्हणून.

उत्पत्तीच्या पुस्तकात इस्राएलाचे पूर्वज अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याकडे मेंढरं आहेत, बैल आहेत, गाढवं आणि उंट आहेत. घोडा नाही. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो अब्राहामाला जी जनावरं देतो (१२:१६) त्या यादीतसुद्धा घोडा नाही. घोड्यांचा पहिला उल्लेख येतो तो ४७व्या अध्यायात. दुष्काळ पडलेला आहे, लोकांजवळचा पैसा संपला आहे आणि मिसरी माणसं धान्यासाठी आपली जनावरं फारोचा कारभारी योसेफ याच्याकडे आणून बांधतात. त्यात घोडे आहेत. म्हणजे शास्त्रात घोडा पहिल्यांदा दिसतो तो मिसर देशात, आणि तोही राजाच्या दावणीला जाताना.

त्या काळी घोडा शेतात नव्हता. नांगराला बैल, ओझ्याला गाढव. घोडा होता युद्धाच्या रथाला. रिकीब अजून कुणाला सुचलेली नव्हती आणि पाठीवर बसून लढणारं घोडदळ पुष्कळ पुढे आलं. दोन घोडे जुंपलेला हलका रथ हे त्या जगातलं सर्वांत महागडं हत्यार. डोंगरात राहणाऱ्या इस्राएलाकडे ते नव्हतं. मैदानातल्या कनानी शहरांकडे होतं. म्हणून वर्गात मी सांगतो की, जुन्या करारात ‘घोडा’ दिसला की त्या जागी ‘रणगाडा’ हा शब्द ठेवून वाचा. दहापैकी आठ ठिकाणी अर्थ तिथल्या तिथे उघडतो.

मग निर्गमाच्या १५व्या अध्यायातलं गाणं वेगळंच ऐकू येतं. फारोचे निवडक ६०० रथ पाठीवर आलेले, समोर समुद्र, आणि पलीकडे पोहोचल्यावर मिर्याम डफ घेऊन गाते. हिब्रूत ती ओळ अगदी आखूड आहे: ‘सूस वेरोखवो रामा वयाम’. घोडा आणि त्याचा स्वार, फेकून दिले समुद्रात. सूस म्हणजे घोडा. ‘रामा’ हे क्रियापद फेकण्याचं, भिरकावण्याचं. कालपर्यंत विटा पाडणारी माणसं साम्राज्याचं सगळ्यात मोठं हत्यार पाण्यात गेलेलं पाहताहेत. तोरेतला (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला) घोडा इथून पुढे कायम ओलाच राहतो. या समुद्राचं पाणी त्याच्या अंगावरून कधी वाळत नाही.

शास्ते पुस्तकातली दबोराची कथाही याच घरातली. कनानी सेनापती सीसराकडे ९०० लोखंडी रथ, आणि कीशोन नदीला लोंढा येतो. चिखलात रथ काय कामाचा? पाचव्या अध्यायातली २२वी ओळ मी विद्यार्थ्यांना आधी अर्थ न सांगता मोठ्याने म्हणायला लावतो: ‘मिद्दहरोत दहरोत अब्बिराव’. दोनदा म्हटलं की कुणीतरी बाकावर बोटं वाजवायला लागतं. टापांचा आवाज आहे तो! शब्दातच घोडे उधळलेत. भाषांतरात हे उतरत नाही, आणि त्याची मला दर वर्षी नव्याने हळहळ वाटते.

आता नियमशास्त्र. तोरेतलं पाचवं पुस्तक ‘अनुवाद’, त्यात १७:१६ मध्ये राजासाठी एक कलम आहे: त्याने स्वतःसाठी पुष्कळ घोडे बाळगू नयेत आणि घोडे वाढवण्यासाठी लोकांना परत मिसरला धाडू नये. इथे ‘मिसर’ आणि ‘घोडा’ एकाच वाक्यात बांधलेले आहेत, कारण जातिवंत घोडा मिळायचा तिथे. ज्या गुलामीतून सुटलात, तिच्याच बाजारात हत्यार घ्यायला जाऊ नका, असा तो सांगावा आहे. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याला हासोरच्या लढाईत आज्ञा मिळते की घोड्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोड आणि रथ जाळ. आजच्या वाचकाला हे क्रूर वाटतं, आणि जनावराच्या बाजूने पाहिलं तर ते आहेच. मी ते मऊ करून सांगत नाही. पण आज्ञेचा रोख लक्षात घ्या. जिंकलेलं हत्यार आपल्या ताफ्यात घ्यायचं नाही. पुढे दावीद राजाही असंच करतो, पण शंभर रथांपुरते घोडे राखून ठेवतो (२ शमुवेल ८:४). शंभरच. मी तिथे नेहमी थांबतो, कारण पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या शंभरात आहे. दावीदाचा मुलगा अबशालोम बंड करायच्या आधी काय करतो? रथ, घोडे आणि पुढे धावायला ५० माणसं ठेवतो. अदोनीयाही तेच करतो. दावीदाच्या घरात गादीवर डोळा असलेला मुलगा आधी घोडे जमवतो.

आणि दावीदानंतर गादीवर आलेला मुलगा शलमोन? त्याला राज्याभिषेकासाठी गीहोन झऱ्यावर नेतात तेव्हा तो बापाच्या खेचरावर बसलेला असतो. हे दृश्य जपून ठेवा, पुढे लागेल. राजा झाल्यावर मात्र १,४०० रथ, १२,००० स्वार. त्याच्या रथांच्या घोड्यांसाठी ठाणी किती, तर राजांच्या पुस्तकात ४०,००० आणि इतिहासाच्या पुस्तकात ४,०००. आकड्यात फरक आहे, पण दोन्ही आकडे ‘पुष्कळ’ याच सदरात मोडतात. त्याचे व्यापारी घोडे आणून हित्ती आणि अरामी राजांना विकतही. भाव लिहून ठेवला आहे: मिसरचा रथ ६०० शेकेल चांदी, घोडा १५०. निर्गमात बैलाने गुलामाला मारलं तर धन्याला द्यायची भरपाई आहे ३० शेकेल. म्हणजे एका घोड्याला पाच माणसांचं मोल. हे गणित शास्त्रात कुणी करून दाखवलेलं नाही, पण दोन्ही आकडे तिथेच आहेत.

यहुदी रब्बींनी शलमोनाला इथे सोडलेलं नाही. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, सन्हेद्रिन या भागात, एक विचार मांडला आहे: तोरेतल्या आज्ञांची कारणं का सांगितली नाहीत? कारण दोन आज्ञांची सांगितली आणि त्यांत जगातला थोर माणूस अडखळला. ‘घोडे वाढवू नये, नाहीतर लोक मिसरला परत जातील’ हे वाचून शलमोन म्हणाला की मी घोडे वाढवीन आणि परतही जाणार नाही. आणि मग मिसरहून रथ आले. कारण कळलं की हुशार माणूस पळवाट काढतो, हे त्या रब्बींचं निरीक्षण मला फार खरं वाटतं.

संदेष्ट्यांच्या लेखांत घोडा आला की तो बहुतेक वेळा याच अर्थाने येतो, म्हणून ते सगळे दाखले इथे देत नाही. दोनच सांगतो. इ.स.पू. ७०१ च्या सुमारास अश्शूरचं सैन्य यहूदात शिरलेलं असताना त्यांचा सरदार रब्शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून म्हणतो की तुम्हाला दोन हजार घोडे मी देतो, तुमच्याकडे त्यांवर बसवायला माणसं आहेत का? टोमणा जिव्हारी लागणारा होता, कारण यहूदाचे पुढारी त्याच वेळी मिसरकडे घोडे मागत होते. त्यावर यशया ३१:३ म्हणतो: मिसरी माणसंच आहेत, देव नाहीत, त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नाहीत. हे वाक्य घोड्याविरुद्ध नाही. मांसाला मांस म्हणा, एवढंच ते सांगतं. विसाव्या स्तोत्रातली ओळ तर बहुतेकांना पाठ असते: कुणी रथांचं नाव घेतात, कुणी घोड्यांचं, आम्ही आमच्या देवाचं घेतो.

मग घोडा वाईट का? नाही. आणि इथे ईयोबाचा ३९वा अध्याय वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. देव ईयोबाला विचारतो, घोड्याला बळ तू दिलंस का? त्याच्या मानेवर ती थरथरणारी आयाळ तू घातलीस का? मग पुढच्या ओळींत घोडा खुराने जमीन उकरतो, शिंग वाजलं की एका जागी ठरत नाही, आणि शिंगाच्या प्रत्येक आवाजाला ‘हेआख’ म्हणतो. हिब्रूत हा ‘अहाहा’सारखा उद्गार आहे. आमच्या मंडळीत एक काका होते, आयुष्यभर टांगा हाकलेले, आणि लग्नसराईत वरातीला घोडा देणारे. हा भाग मी वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “हे लिहिणारा घोड्याजवळ उभा राहिलेला माणूस आहे. बँडवाल्याने नुसती काठी ढोलाला लावली तरी घोड्याचे कान आधी फिरतात, मग पुढचा पाय आपटतो, आणि कातडीवरून लाट गेल्यासारखी जाते. पोटात भीती असते का आनंद, ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही.” ईयोबाच्या त्या ओळींवर मी बरीच भाष्यं वाचली आहेत, पण हे भाष्य विसरलो नाही. त्याच काकांनी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं (हा याकोब उत्पत्तीतला नव्हे) ३:३ मला हाताने समजावलं होतं. त्यांनी तोंडातली लोखंडी कडी आणून माझ्या तळहातावर ठेवली. बोटाएवढी जाड, आणि मध्ये चावून चावून चकाकलेली. एवढ्याशा लोखंडाने एवढं जनावर वळतं. जीभही तशीच, असं याकोब म्हणतो.

एवढं मनात ठेवून आगीच्या घोड्यांकडे या. २ राजे २ मध्ये संदेष्टा एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा चालत बोलत जात असतात आणि अग्नीचा रथ व अग्नीचे घोडे मधे येऊन दोघांना वेगळं करतात. नीट वाचलं तर एलीया रथात बसल्याचं तिथे लिहिलेलं नाही. तो वावटळीतून वर जातो. रथ त्यांना फक्त अलग करतो. अलीशा ओरडतो, “बापा, माझ्या बापा, इस्राएलाचे रथ आणि त्याचे स्वार!” पुढे अलीशा मरायला टेकतो तेव्हा राजा योवाश त्याच्याजवळ रडत हेच शब्द बोलतो. राजाकडे रथ असताना तो एका आजारी म्हाताऱ्याला ‘इस्राएलाचे रथ’ म्हणतो. संदेष्टा हेच राष्ट्राचं खरं सैन्य होतं, अशी ती कबुली आहे. दोथानात अलीशाचा चाकर सकाळी उठतो, गावाला शत्रूचे घोडे आणि रथ यांचा वेढा बघून गांगरतो, आणि डोळे उघडल्यावर त्याला डोंगर अग्नीच्या घोड्यांनी भरलेला दिसतो. घोड्याला घोडाच उत्तर देतो, पण हा मिसरच्या बाजारातला नव्हे.

या कथेचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत आलेला आहे. अलिबागजवळच्या खंडाळा गावात (घाटावरचं खंडाळा नव्हे) एक कातळ आहे. बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाची श्रद्धा आहे की एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलीया, तिथे आले आणि त्यांच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा त्या दगडावर उमटल्या. जागेचं नावच ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’. मलिद्याचं ताट, म्हणजे पोहे, खोबरं, गोड आणि फळं, एलियाहूंचं नाव घेऊन मांडायचं, हा त्या समाजाचा खास रिवाज. बेने इस्राएल घरांत भिंतीवर आगीच्या रथातल्या संदेष्ट्याचं चित्र असतं. पाठात काय आहे ते मी वर सांगितलं. लोकांच्या मनातला रथ मात्र एलीयाला घेऊनच जातो, आणि त्या कातळाजवळ उभं राहिल्यावर मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

आता गाढव. मराठी वाचकाची इथे हमखास गफलत होते. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात, म्हणून येशू गाढवावरून यरुशलेमात गेला हे वाचताना आपल्याला वाटतं की त्याने मानहानी पत्करली. पण शास्त्रात गाढव हे प्रतिष्ठिताचं वाहन आहे. याईर नावाच्या शास्त्याचे ३० मुलगे ३० शिंगरांवर बसत, हे वैभव म्हणून सांगितलं आहे. शलमोन खेचरावर बसून अभिषेकाला गेला, ते दृश्य जपून ठेवायला सांगितलं होतं ते याचसाठी. जखऱ्या ९:९ मध्ये सीयोनकन्येचा, म्हणजे यरुशलेमचा, राजा नम्र होऊन गाढवीच्या शिंगरावर येतो, आणि लगेच पुढची ओळ आहे: मी एफ्राइमातून रथ आणि यरुशलेमातून घोडा नाहीसा करीन. मत्तय आणि योहान नववी ओळ उद्धृत करतात, पण तिचा अर्थ दहावीत आहे. गाढव निवडणं म्हणजे घोडा नाकारणं. जैतुनाच्या डोंगरावरून उतरणारा तो माणूस राजाच म्हणून येतो आहे, फक्त शलमोन घोड्यांकडे वळण्याच्या आधीच्या वाटेने.

तालमूदात यावर एक सुंदर संवाद आहे. पारसचा (इराणचा) राजा शापूर रब्बी शमुवेलाला म्हणतो, “तुमचा मशीहा गाढवावर येणार म्हणता, मी माझा चांगला घोडा पाठवतो.” शमुवेल विचारतो, “शंभर रंगांचा घोडा आहे का तुझ्याकडे?” राजाला मदत करायची आहे की खिजवायचं आहे, हे वाचणाऱ्याने ठरवावं. उत्तर मात्र असं आहे की, त्या वाहनाची बरोबरी तुझ्या पागेत नाही.

एक गैरसमज वाटेतच काढतो. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) रस्त्यावर प्रेषित पौल घोड्यावरून पडला असं सर्रास सांगितलं जातं. प्रेषितांच्या कृत्यांत तो जमिनीवर पडला एवढंच आहे. घोडा चित्रकारांनी घातला, आणि काराव्हाज्जोच्या चित्राने तो सगळ्यांच्या डोळ्यांत बसला. घोडा या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात याकोबाची ती एक ओळ सोडली तर फक्त प्रकटीकरणात येतो. चारही शुभवर्तमानांत घोडा नाही.

प्रकटीकरण ६ उघडण्याआधी जखऱ्याचा पहिला आणि सहावा अध्याय वाचा. तिथे तांबडे, पांढरे, काळे, अबलख घोडे आहेत आणि ते पृथ्वीवर गस्त घालतात. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या, पारसी राज्यात जगणाऱ्या लोकांना पारसचे घोडेस्वार जासूद माहीत होते. एस्तेरच्या पुस्तकात राजाज्ञा घेऊन धावतात ते हेच. जखऱ्या सांगतो की खरी खबर आणणारे घोडे दुसऱ्याच दरबाराचे आहेत. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने हीच चौकडी उचलली, पण त्याचे घोडे गस्त घालून थांबत नाहीत.

पहिला पांढरा, स्वाराच्या हाती धनुष्य. रोमच्या पूर्व सीमेवर राहणाऱ्याला हे चित्र ओळखीचं होतं: रोमचं शत्रू राज्य पार्थिया, त्याचे धनुर्धारी घोडेस्वार. इ.स.पू. ५३ मध्ये त्यांनी सेनापती क्रॅससचं रोमी सैन्य कापून काढलं, तेही कारहाई इथे, म्हणजे अब्राहाम जिथे राहिला त्याच हारानात. दुसरा तांबडा, त्याच्या हाती मोठी तलवार, पृथ्वीवरची शांती काढून घ्यायची मुभा. तिसरा काळा आणि हातात तराजू. हा घोडा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो, कारण त्याच्याबरोबर बाजारभाव ऐकू येतो: एका दिनारला एक खोइनिक्स गहू, किंवा तीन खोइनिक्स जव. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची हजेरी, खोइनिक्स म्हणजे एका माणसाचं दिवसाचं धान्य. बापाने दिवसभर राबून गहू आणला तर तो एकट्यालाच पुरेल. बायकोमुलांना खायला घालायचं तर जव घ्यायचा, तोही तिघांपुरताच. आणि पुढे आवाज येतो की तेल आणि द्राक्षारस यांना हात लावू नको. दुष्काळ सगळ्यांवर सारखा येत नाही, हे योहानाला नेमकं ठाऊक आहे.

चौथ्याचा रंग ग्रीकमध्ये ‘ख्लोरोस’. मराठीत आपण फिकट वाचतो, पण मार्काने पाच हजारांना जेवायला बसवलं त्या हिरव्या गवतालाही हाच शब्द वापरला आहे. घोड्याच्या अंगावर हा रंग म्हणजे प्रेताच्या कातडीचा. चौघांत नाव फक्त याच्या स्वाराला आहे: मृत्यू. पहिला स्वार म्हणजे रोगराई असं आजकाल चित्रांत दिसतं. पाठात तसं नाही. रोगराई शोधायची तर ती चौथ्यापाशी सापडेल, कारण तिथल्या ‘मृत्यू’ या ग्रीक शब्दाने जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मरीसुद्धा सांगितली जाते.

मग पांढऱ्या घोड्यावरचे दोघे एकच का? दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस पहिल्या स्वाराला ख्रिस्त समजला, आणि त्याच्या मागे बरेच गेले. मी तसं मानत नाही. मुकुटाच्या शब्दावरून काही जण निवाडा देतात: सहाव्या अध्यायात ‘स्तेफानोस’, विजेत्याची माळ, एकोणिसाव्यात ‘दियादेमा’, राजाचे मुकुट, आणि तेही पुष्कळ. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, कारण १४:१४ मध्ये मनुष्याच्या पुत्रासारख्याच्या डोक्यावरही स्तेफानोसच आहे. माझं कारण वेगळं आहे. पहिला स्वार चौघांच्या जुडीतला आहे. ‘ये’ म्हटल्यावर येतो, मुकुट त्याला दिला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ तलवार, भूक आणि थडगं येतं. जिंकायला निघालेला प्रत्येक राजा असाच निघतो, पांढऱ्यावर, आणि बाकीचे तिघे त्याच्या मागून ठरलेलेच. एकोणिसाव्यातल्या स्वाराच्या हातात धनुष्य नाही. तलवार आहे ती तोंडातून निघणारी, म्हणजे शब्द. आणि त्याचा झगा रक्तात बुडालेला आहे, लढाई सुरू होण्याच्या आधीच. ते रक्त शत्रूचं, यशयाच्या ६३व्या अध्यायासारखं, असं म्हणणारे विद्वान आहेत. पण याच पुस्तकात कोकरा, म्हणजे ख्रिस्त, वधलेला आहे, म्हणून ते त्याचं स्वतःचं, असं मी वाचतो. गाढवावरून आलेला आणि मारला गेलेला तोच आता घोड्यावर आहे. सहाव्या अध्यायातला घोडा फारोच्या पागेतला. एकोणिसाव्यातला दोथानच्या डोंगरावरचा.

एक राहिलं. जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात (१४:२०) घोडे पुन्हा येतात, रथाशिवाय, शस्त्राशिवाय. महायाजकाच्या कपाळावर सोन्याची पट्टी असायची आणि तिच्यावर ‘कोदेश लादोनाय’, परमेश्वरासाठी पवित्र, असं कोरलेलं असायचं. जखऱ्या म्हणतो की त्या दिवशी हीच अक्षरं घोड्यांच्या घंटांवर असतील. टांगेवाल्या काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं, आणि मग विचारलं की घंटा गळ्यात का कपाळावर. मी म्हटलं, पाठात तेवढं स्पष्ट नाही. ते म्हणाले, “गळ्यातच असणार. चालताना वाजायला हवी ना.”